गार्सिया द ओर्ता आणि डोक्यात चढणारी औषधं

गार्सिया द ओर्ता (जन्म सुमारे १५०१, मृत्यू १५६८) हा पोर्तुगीज डॉक्टर, पण कामाचं म्हणाल तर गोव्याचाच. पणजीत चर्च स्क्वेअरजवळची म्युनिसिपल गार्डन याच्या नावाची आहे, तिथे बाकड्यावर बसून चणे खाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल कोण जाणे. मसाले आणि झाडपाल्यावर लिहिणारा अशी त्याची ओळख करून देतात, ती बरोबरच आहे, पण धोतरा, भांग, अफू माणसाच्या डोक्याचं काय करतात हे त्याने जे टिपून ठेवलंय ते वाचलं की वाटतं, न्यूरोफार्माकोलॉजी (औषधं मेंदूवर काय करतात याचं शास्त्र) हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हा हा बाबा तेच काम करत होता.

जन्म पोर्तुगालात कास्तेलो द वीदचा, घराणं ज्यू, बळजबरीने ख्रिस्ती झालेलं. सालामांका आणि अल्कालाला शिकला, लिस्बनला शिकवलं, आणि १५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सोझा या पोर्तुगीज सरदाराच्या आरमाराबरोबर गोव्यात आला तो कायमचाच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे ऊठबस होती, मुंबई बेटही काही काळ याच्याकडे खंडाने होतं.

त्याचं 'कोलोकियुश' हे पुस्तक १५६३ च्या एप्रिलमध्ये गोव्यातच छापून निघालं. सगळं संवादात आहे, म्हणजे रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर युरोपातून येतो, तो ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला आपण इथे काय पाहिलं ते सांगतो.

धोतऱ्याचं प्रकरण तर केस रिपोर्टच आहे. दासीने जेवणात धोतरा घालून मालकिणीला खाऊ घातलं आणि दागिने घेऊन पळाली, ओर्ता जाऊन बघतो तर बाई नुसती हसतेय, विचारलेल्याला धड उत्तर नाही. त्याने उलटी करवली, एनिमा दिला. शंकराला वाहायचं हे फळ चोरांच्या कसं कामाला येतं हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, संस्कृतात त्याला 'उन्मत्त' म्हणतात ते उगाच नाही. आज आपण सांगू की त्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असिटाइलकोलीन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि त्याची वाट अडवतं, म्हणून भान जातं, तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात.

भांगेबद्दल तो गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची गोष्ट देतो, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरावंसं वाटलं तर थोडी भांग खाल्ली की झालं. पण लगेच दुसरी बाजूही आहे, त्याच्या ओळखीचा एक विदूषक भांगेची मिठाई खाऊन आधी खुशीत आला आणि मग रडायलाच लागला. एकच औषध दोन तऱ्हांनी कसं चढतं हे त्याने दिसलं तसं लिहून ठेवलं. भांगेतलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, वेगळं काढायला १९६४ उजाडलं, आणि १९९२ मध्ये मेंदूतच तयार होणारा तसा पदार्थ सापडला त्याला नाव दिलं 'आनंदामाइड', आपल्या आनंदावरून!

अफूचं तसंच. निजामशहाचा एक खोरासानी चिटणीस रोज भलतीच अफू खायचा, दिवसभर पेंगायचा, पण बोलता केला की माणूस एकदम हुशार. शरीर सरावतं ते असं, आजचे डॉक्टर त्याला टॉलरन्स म्हणतात.

आणखी एक, पटकीला तो 'मोर्शी' म्हणतो, ती आपली मोडशीच. असे शब्द आणि माहिती त्याला इथल्या वैद्यांनी, नोकरांनी दिली, त्यातल्या मालुपा नावाच्या एका वैद्याचं नाव पुस्तकात आहे, बाकीचे बहुतेक बिनानावाचे राहिले. हे मला खटकतं.

युरोपात ओर्ता पोचला तो मुख्यतः दुसऱ्यांच्या हातून. क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये लॅटिनमध्ये सारांश काढला, गप्पाटप्पा कापून टाकल्या, आणि क्रिस्तोवाव द कोस्ता या पोर्तुगीज डॉक्टरने १५७८ च्या स्पॅनिश पुस्तकात बरंच त्याच्याकडून घेतलं. पूर्ण इंग्रजी भाषांतर १९१३ ला आलं.

गोव्यात मात्र इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, छुपे ज्यू ठरवून त्याच्या बहिणीला, कातारिनाला, १५६९ मध्ये जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळली.

जाता जाता, भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, ते याच्यावरून पडलं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते लॉराँ गार्सँ नावाच्या दुसऱ्याच माणसावरून आहे. ओर्ताच्या पुस्तकात भिरंडावर प्रकरण आहे ते 'ब्रिंदोंइश' या नावाने.