लांब फेकला म्हणजे मोठा मासा? अजिबात नाही

भुसावळला तापीवर गळ टाकणारा कोणी कोकणात जेट्टीवर मासे धरायला निघाला की त्याला हमखास सांगतात: ‘जितका लांब फेकशील, तितका मोठा मासा.’ नवशिके यातच दमतात. जेट्टीचे खांब जवळून बघा. कालवं चिकटलेली, फटींत बारीक खेकडे. तेच खायला तांबोशी, शिंगाळा हे मासे खांबापाशी येतात. म्हणून कोळंबीचा तुकडा लावून गळ सरळ पायाखाली सोडा. खरा फरक पडतो भरतीने, आणि नदीवाल्यांना हेच नवीन असतं. पाणी साधारण 6 तासांनी फिरतं. पाणी चढत असताना गळ टाकून बसा. शिंगाळ्याचे काटे विषारी, तो पक्कडीनेच सोडवा. गळाची दोरी गुंडाळायचं रीळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गंज धरलाच.