जखमी माशाची नक्कल

१९३६ साली फिनलंडमधील लाउरी रापाला या मच्छीमाराने बुचाचा तुकडा कोरून एक छोटा मासा घडवला आणि त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाचा चकचकीत कागद चढवला. मोठे मासे थव्यातल्या सगळ्याच लहान माशांवर सारखे तुटून पडत नाहीत, तर तोल जाऊन डगमगणारा मासा ते आधी हेरतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. तो अनुभव गोड्या पाण्यातला होता. परंतु किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात छंद म्हणून मासेमारी करणारे जी नकली आमिषे वापरतात, त्यांपैकी अनेकांचे मर्म तेच आहे. ही आमिषे माशाची नक्कल करतात असे आपण म्हणतो. नेमके बोलायचे तर ती माशाच्या चुकीची नक्कल करतात.

ही चूक डोळ्यांना कशी दिसते, हे पाहण्यासारखे आहे. चंदेरी माशांच्या त्वचेत आणि खवल्यांवर ग्वानिन या पदार्थाचे पातळ स्फटिक थरांनी रचलेले असतात व ते आरशाचे काम करतात. मासा सरळ पोहत असेपर्यंत हा उभा आरसा आजूबाजूच्या पाण्याइतकाच उजळ दिसतो आणि मासा पाण्यात जणू विरघळून जातो. जखमी मासा कुशीवर कलला की आरशाचा कोन बिघडतो, वरून येणारा प्रखर प्रकाश परावर्तित होतो आणि क्षणभर लखलखाट होतो. चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष ओढले असता डोलत राहते, ते हाच लखलखाट पुन्हा पुन्हा घडवण्यासाठी.

गढूळ पाण्यात किंवा रात्री डोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो. तेथे माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणारी पार्श्वरेखा कामी येते. तिच्यातील संवेदी पेशींवर जेलीसारखी टोपी असते. पाणी हलले की ती वाकते आणि मेंदूला संदेश जातो. हा जणू दुरून होणारा स्पर्शच. मात्र त्याचा पल्ला साधारणपणे माशाच्या एक-दोन देहलांबींइतकाच असतो. बुडी मारणाऱ्या आमिषाच्या तोंडाशी बसवलेली तिरपी पट्टी ओढताना पाण्याचा दाब घेते, आमिष खाली जाते, आलटून पालटून दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात आणि शेपटी हलवणाऱ्या माशासारखी लय पाण्यात उमटते.

रंगांविषयी छांदिष्टांमध्ये वाद फार होतात, पण पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच बराचसा शोषून घेते, त्यामुळे खोलवर लालभडक आमिष काळपट दिसते. किनाऱ्याजवळ प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाशही खातात. सर्वांत दूर जातो तो हिरवा. दुकानातील रंगांची उधळण माशाइतकीच गिऱ्हाइकालाही भुलवण्यासाठी असते, असे मला वाटते. उजळ पृष्ठभागाखाली आमिषाची गडद आकृती उठून दिसणे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरते.

पिसे आणि केस गळाला बांधून केलेल्या ‘फ्लाय’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. जड आमिष फेकले की ते आपल्या वजनाने बारीक दोर ओढत नेते. फ्लायला तेवढे वजनच नसते, म्हणून येथे जाड, लेपित दोरच फेकला जातो आणि हवेत उलगडत जाणारा त्याचा फास फ्लायला पुढे नेतो. अमेरिकेतील फ्लाय बांधणारे बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात फ्लायच्या डोक्याशी डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे बांधले. त्यामुळे गळाचे टोक वरच्या बाजूला राहते, ओढ थांबताच डोके खाली झुकते आणि मिटलेले केस फुलतात. पुष्कळदा मासा नेमका या थांब्यातच झडप घालतो, म्हणून जाणता माणूस तेव्हाही दोर सैल सोडत नाही. गळ वेळेवर रुतला नाही, तर तोंडात आलेला पिसांचा बेचव गोळा थुंकून टाकायला माशाला क्षणभरही पुरतो.