पंचगंगेचे पाहुणे आणि बंधाऱ्याचे बरगे

दिवाळी झाली की पंचगंगेच्या काठाने फिरणाऱ्यांची तक्रार सुरू होते: यंदा पक्षी कमी. घाटाच्या पायऱ्यांवर धोबी पक्षी शेपूट हलवत असतात, विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या रांगेने बसतात, पण चिखलात चोच खुपसणारे छोटे पाणपक्षी, तुताऱ्या, दिसत नाहीत. खापर फुटतं ते उशिरा पडलेल्या थंडीवर. खरं तर तुताऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरातच यायला लागतात, कोल्हापुरात घाम पुसायचे दिवस असताना. त्यांना हवा असतो घोटाभर पाण्याचा उघडा काठ, आणि तो मिळणार की नाही हे बंधाऱ्यावर ठरतं.

धरणांआधी नदी पावसात गावात शिरायची आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरायची. राधानगरी धरणाचं काम संस्थानकाळात सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. त्याच्या जोडीला नदीवर दगडी खांबांचे, फळ्या म्हणजे बरगे घालून पाणी अडवणारे बंधारे आले. राज्यभर त्यांना कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणतात. उपसा वाढला, ऊस वाढला आणि हिवाळ्यातली नदी भरलेली राहू लागली. ऐन स्थलांतराच्या मोसमात काठ पाण्याखाली जायला लागला तो इथपासून.

बरगे कधी घालायचे, हा वाद मात्र दरवर्षीचा. परतीचा पाऊस ओसरला की राजाराम बंधाऱ्यासारख्या ठिकाणी बरगे बसतात आणि पाणी मागे फुगत जातं. उसाला पाळी चुकू नये म्हणून शेतकऱ्याला ते लवकर हवे असतात, आणि त्यात खोटं काही नाही. उलट बाजूचं म्हणणं असं की वाहतं पाणी अडलं की शहराचं सांडपाणी तिथंच साचतं, केंदाळ म्हणजे जलपर्णी पसरते, मासे मरतात. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या काही नव्या नाहीत. प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, सांडपाण्यावर प्रक्रियेची केंद्रं झाली, नाल्यांची चर्चा अजून चालूच आहे. या साऱ्यात पाण्याची पातळी किती ठेवायची याचा निर्णय पिण्याचं पाणी, शेती आणि प्रदूषण एवढ्याच हिशेबाने होतो. पक्ष्यांची बाजू त्यात येतच नाही. चार दिवस उशिरा बरगे घातल्याने कुणाचा ऊस वाळला असता असं मला वाटत नाही, पण तेवढा उशीर करायला कुणी धजत नाही.

महापुरांनी मामला आणखी गुंतवला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पुराच्या चर्चेत बंधाऱ्यांना दोष देणारे वाढले, तर हिवाळ्यात पाणी साठवून ठेवा म्हणणारेही वाढले.

केंदाळाने एका जातीचं नुकसान केलं तर दुसरीचं साधलं. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी त्यावरून आरामात चालतात. पण हे दोघेही इथलेच. हळदी-कुंकू बदकही इथलंच, तरी थंडीत थवा दिसला की परदेशी पाहुणे म्हणून फोटो फिरतो. थापट्या, तलवार बदक यांच्यासारख्या खऱ्या पाहुण्यांना मोकळं पाणी लागतं. त्यांच्यासाठी लोक नदी सोडून कळंबा किंवा रंकाळा तलावाकडे वळतात.

नदीवर तुतारी बघायची तर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जावं. बरग्यांच्या फटींतून पाणी सतत झिरपतं, दगडांमध्ये उथळ डबकी राहतात आणि तिथं एखादी तुतारी मागचा भाग खाली-वर करत किडे टिपताना सापडते. वरच्या बाजूला, घाटासमोर, त्याच सकाळी एकही नसते. म्हणून घाटावर केलेली नोंद आणि बंधाऱ्याखाली केलेली नोंद शेजारी ठेवून ‘पक्षी घटले’ किंवा ‘वाढले’ म्हणण्यात अर्थ नाही. नोंदीसोबत बरगे कधी बसले ती तारीखही लिहायला हवी, आणि ती सहसा कुणी लिहीत नाही.