प्रश्नचिन्ह नसलेलं ‘काय चाललंय’

‘काय चाललंय?’ हे मराठीत दोन तऱ्हांनी म्हणता येतं. नाक्यावर मित्र भेटला की आपण म्हणतो, तेव्हा उत्तराची खरी अपेक्षा नसते. ‘निवांत’ म्हटलं की संपलं. दुसरं म्हणजे आतल्या खोलीतली आदळआपट ऐकून आई दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, ‘काय चाललंय काय!’ शब्द तेच, पण आता कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं असतं.

अमेरिकन गायक मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (म्हणजे ‘काय चाललंय’) या अल्बमचं सगळं बळ या दोन उच्चारांच्या मध्ये कुठेतरी आहे. २१ मे १९७१ ला तो अमेरिकेत बाजारात आला. सुरुवातीला गाणं नाहीच. चार मित्र एकमेकांना भेटताहेत, हालहवाल विचारताहेत, मागे पार्टीसारखी कुजबुज आहे. मग एक सॅक्सोफोन आळस देत उठतो आणि बेस गिटार चालू लागते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे एखाद्या कॅफेत हळू आवाजात लावायचं गाणं आहे, असंच वाटलं होतं. त्यात युद्ध आहे, पोलिसांची मारहाण आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळलं. बरं, नावापुढे प्रश्नचिन्ह नाही. कव्हरवरही नाही, तबकडीवरही नाही.

हा अल्बम ज्या कंपनीतून निघाला ती पाहिली, तर तो निघालाच कसा याचं आश्चर्य वाटतं. डेट्रॉइट हे मोटारींचं शहर, म्हणून कंपनीचं नाव मोटाऊन. संस्थापक बेरी गॉर्डी आधी लिंकन-मर्क्युरी गाड्यांच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करत. एका टोकाला नुसता सांगाडा शिरतो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि गाण्याचंही असंच करायचं ठरवलं. १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन धंदा सुरू केला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधं दुमजली घर घेतलं आणि बाहेर ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ अशी पाटी लावली. मागच्या बाजूच्या खोलीत स्टुडिओ केला. छतावरून वायरी लोंबायच्या म्हणून वादकांनी त्या खोलीला ‘स्नेकपिट’, म्हणजे सापांचा खड्डा, म्हणायला सुरुवात केली.

गीतकार वेगळे, वादक वेगळे, गायक वेगळे. कसं चालायचं, कसं बसायचं, मुलाखतीत काय बोलायचं, याचीही शिकवणी असे. आठवड्याला बैठक व्हायची आणि कुठलं गाणं बाजारात जाणार ते तिथे ठरायचं. गोऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यातही वाजलं पाहिजे असं संगीत हवं होतं. त्यामुळे प्रेम, विरह, नाच चालेल, राजकारण नको. गॉर्डींना नावं ठेवणं सोपं आहे, पण ज्या देशात काळ्या गायकांच्या तबकड्यांच्या कव्हरवर त्यांचा फोटो छापायलाही कंपन्या कचरत, तिथे त्यांनी हा धंदा उभा केला होता.

मार्विन या कारखान्यातला देखणा माल होता. कंपनीत शिरला तेव्हा सुरुवातीला ड्रमही वाजवायचा. पुढे बेरी गॉर्डींची बहीण ॲना हिच्याशी लग्न झालं, म्हणजे मालकाचा मेहुणा. १९६८ च्या अखेरीस त्याचं ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्या यशाचा आनंद मात्र त्याला घेता आला नाही. टॅमी टेरेल या गायिकेबरोबर त्याची युगुलगीतं गाजत होती. १९६७ च्या ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात कार्यक्रम चालू असताना ती स्टेजवर त्याच्या हातांत कोसळली. मेंदूत गाठ निघाली. अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि १६ मार्च १९७० ला ती गेली. वय २४. मार्विनने कार्यक्रम बंद केले, दाढी वाढवली आणि डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघात घ्या म्हणून व्यायाम करत सुटला. तिशी उलटलेल्या गायकाला संघात कोण घेणार? घेतलं नाहीच. पण त्या नादात लायन्सचे दोन खेळाडू, मेल फार आणि लेम बार्नी, त्याचे दोस्त झाले. गाण्याच्या सुरुवातीला जी कुजबुज ऐकू येते, तिच्यात हे दोघे आहेत.

आणि धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामहून परतला होता. तिकडून त्याची पत्रं येत. आल्यावर त्याने जे सांगितलं ते ऐकून दोघे भाऊ रडले, असं घरच्यांनी नंतर सांगितलं आहे. बाहेर शहराचीही अवस्था बघण्यासारखी नव्हती. जुलै १९६७ च्या दंगलीत डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली होती. मे १९७० मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी चार विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या. अशा दिवसांत प्रेमाची गोड गाणी गायची कशी, हा प्रश्न त्याला छळत होता.

अल्बमला ज्याचं नाव मिळालं त्या पहिल्या गाण्याचं बी मात्र मार्विनचं नव्हे. ‘फोर टॉप्स’ या मोटाऊनच्याच गटातला रेनाल्डो ‘ओबी’ बेन्सन मे १९६९ मध्ये दौऱ्यावर असताना कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला होता. विद्यापीठाच्या पडीक जमिनीवर लोकांनी ‘पीपल्स पार्क’ नावाची बाग केली होती. ती मोकळी करायला पोलीस आले आणि त्यांनी शॉटगन चालवल्या. एक माणूस मेला, शंभरावर जखमी झाले. बेन्सनला पडलेला प्रश्न सरळ होता: इथे चाललंय काय? आपलीच मुलं आपण परमुलखात लढायला का पाठवतो, आणि इथे रस्त्यावर का मारतो? अल क्लीव्हलंड या मोटाऊनच्या गीतकाराला घेऊन त्याने गाणं बांधलं आणि आपल्या गटाकडे नेलं. ते म्हणाले, निषेधाचं गाणं नको. बेन्सनचं म्हणणं होतं की हे प्रेमाचंच गाणं आहे.

मग ते मार्विनकडे आलं. त्यालाही ते आधी दुसऱ्याच गटाला द्यायचं होतं. बेन्सनने आग्रह धरला, तेव्हा त्याने शब्द बदलले, चालीत भर घातली आणि गाण्याला घर दिलं. आता गाणं आधी आईला हाक मारतं, मग भावाला, मग वडिलांना. वडिलांना ते विनवतं की प्रकरण चिघळवू नका. तिथे वापरलेलं ‘एस्कलेट’ हे इंग्रजी क्रियापद त्या काळी व्हिएतनामच्या बातम्यांत रोज छापून येई, आणखी फौजा धाडल्या की तोच शब्द. युद्धाचा शब्द घरातल्या भांडणात आणून ठेवला की सरकार आणि बाप एकाच खुर्चीत दिसू लागतात. मार्विनचे वडील धर्मोपदेशक होते आणि मुलांना बेदम मारत. ती ओळ गाताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही.

१ जून १९७० ला स्नेकपिटमध्ये ध्वनिमुद्रण सुरू झालं. खरं सांगायचं तर या अल्बमच्या टिकाऊपणाचं मर्म मला इथे सापडतं. जिथे गाणं ठोकून-पॉलिश करून बाहेर पडायचं, तिथे मार्विनने चुका तशाच राहू दिल्या.

एली फाउंटन सॅक्सोफोन घेऊन बसला होता. मार्विन काय सांगतो याची वाट पाहताना तो बोटं मोकळी करायला उगाच काहीतरी वाजवत होता. टेप चालू होती. थोड्या वेळाने मार्विनने सांगितलं, झालं तुझं काम, घरी जा. फाउंटन म्हणाला, अहो, मी तर नुसती गंमत करत होतो. मार्विनचं उत्तर असं होतं की मग गंमत झकास करतोस. गाण्याच्या तोंडाशी आपण ऐकतो ती सुरावट म्हणजे हीच गंमत.

बेसवाला जेम्स जेमर्सन. मोटाऊनच्या असंख्य गाण्यांचा पाया याच्या उजव्या हाताच्या एका तर्जनीने घातलेला. मार्विनला तोच हवा होता. संगीत संयोजक डेव्हिड व्हॅन डी पिट यांनी सांगितलेली हकिगत अशी की जेमर्सनला एका बारमधून शोधून आणला. प्यायलेला इतका की स्टुलावर बसता येईना. मग तो सरळ जमिनीवर उताणा पडला आणि समोर धरलेला कागद वाचत त्याने बेस वाजवला. आज कुणीही हेडफोन लावून फक्त बेस ऐकावा. एक सूर जागचा ढळत नाही, उलट तालाच्या अलीकडे-पलीकडे अशी काही चाल आहे की बेस स्वतःच गुणगुणतोय असं वाटतं. घरी जाऊन आज काहीतरी मोठं वाजवलं असं तो बोलला, हे त्याच्या बायकोने पुढे सांगितलं.

तिसरा अपघात सर्वांत मोठा. मार्विनने मुख्य गाणं दोनदा गायलं होतं, दोन निराळ्या ढंगांत, आणि त्याला दोन्ही एकामागून एक ऐकून निवड करायची होती. ध्वनिमुद्रक केन सँड्स याच्याकडून दोन्ही एकदम वाजली. मार्विन ऐकतच राहिला. त्यानंतर स्वतःच्याच दोन-तीन आवाजांची गुंफण ही त्याची खूणच झाली. आपल्याकडे पोवाड्यात शाहीर पुढे आणि झीलकरी मागे असतात. इथे शाहीरही मार्विन आणि झीलकरीही मार्विन. एक आवाज विनवतो, दुसरा मध्येच कुरकुरतो, तिसरा वर कुठेतरी नुसता हुंकार देतो. एकाच माणसाच्या मनातली चर्चा ऐकल्यासारखं होतं. निषेधाच्या गाण्यांना सहसा हे जमत नाही. त्यांना गायकाची बाजू आधीच ठाऊक असते.

गॉर्डींना गाणं मुळीच आवडलं नाही. एक तर राजकारण, त्यात जॅझसारखे आलाप; त्यांना ते जुनाट वाटलं. मार्विनने हट्ट धरला की हे बाजारात आणणार नसाल तर मी पुढे काहीच गाणार नाही. महिने गेले. शेवटी कंपनीतल्या हॅरी बॉक आणि बार्नी एल्स यांनी जानेवारी १९७१ मध्ये मालकाच्या मनाविरुद्ध या एका गाण्याची तबकडी बाजारात सोडली. पहिल्याच दिवसात लाखभर प्रती संपल्या. गाणं सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या संगीताच्या यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. मालक स्वतः मार्विनच्या घरी आले आणि म्हणाले, महिन्याभरात अल्बम दे, हवा तसा कर.

मार्चमध्ये मोजक्या दिवसांत बाकीची गाणी झाली. डेट्रॉइट सिम्फनी ऑर्केस्ट्रातले व्हायोलिनवाले आले. पहिल्या बाजूची सहा गाणी मध्ये न थांबता एकमेकांत ओघळतात. तोपर्यंत मोटाऊनचे अल्बम म्हणजे दोन हिट गाणी आणि बाकी भरताड. आता पस्तीसेक मिनिटांत एकच माणूस चालत जातो. युद्धावरून परतलेला जवान भावाला विचारतो, कामधंदा मिळतोय का, आपला बेसबॉलचा संघ यंदा जिंकेल का. पुढे हेरॉइनच्या आहारी गेलेला माणूस भेटतो. त्या गाण्याचं नाव एका विमान कंपनीच्या जाहिरातीवरून घेतलंय. मग पोरं, देव, आणि तेल मिसळलेला समुद्र व पाऱ्याने भरलेले मासे. पहिला वसुंधरा दिन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, आणि पर्यावरणावरचं हे गाणं सर्वसाधारण यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. दुसऱ्या बाजूचं ‘राइट ऑन’ साडेसात मिनिटं रेंगाळतं, मला ते थोडं सैलच वाटतं. पण शेवटचं ‘इनर सिटी ब्लूज’ येतं आणि हिशेब चुकता होतो: कर, महागाई, चंद्रावर जाणारी यानं आणि गल्लीतली उपासमार. ते विझता विझता पहिल्या गाण्याची आईला मारलेली हाक पुन्हा ऐकू येते. तबकडी संपते तिथेच सुरू होते.

डेट्रॉइटमध्ये मिश्रण, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकमेकांत जुळवण्याचं काम, झाल्यावरही मार्विनचं समाधान झालं नाही. त्याने लॉस एंजेलिसला जाऊन ते पुन्हा केलं. आधीचं डेट्रॉइट मिश्रण २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी दोन्ही लागोपाठ ऐकावीत. तेच गाणं आहे, पण खोली बदलली आहे.

त्या वर्षीच्या अल्बमचं ग्रॅमी मार्विनला मिळालं नाही, ते कॅरोल किंगच्या ‘टॅपेस्ट्री’ला गेलं. खरा परिणाम कारखान्याच्या आत झाला. मोटाऊनचाच गायक असलेल्या एकवीस वर्षांच्या स्टीव्ही वंडरने कंपनीशी नवा करार करताना स्वतःचं संगीत स्वतः करण्याचा हक्क मागून घेतला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत काय केलं ते जगाला माहीत आहे. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ मध्ये सर्वोत्तम ५०० अल्बमच्या यादीत ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहावा ठेवला होता, २०२० मध्ये पहिला केला. अशा याद्यांना मी फार भाव देत नाही. पण २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतले रस्ते जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या मृत्यूवरून पेटलेले होते, आणि त्या वेळी पुन्हा ऐकावीशी वाटणारी तबकडी पन्नास वर्षं जुनी असावी, यात काय ते आलं.

१ एप्रिल १९८४ ला लॉस एंजेलिसमधल्या घरात भांडण झालं आणि वडिलांनी मार्विनला गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता.

अल्बमच्या कव्हरवर मार्विन पावसाच्या भुरभुरीत उभा आहे, कोटाची कॉलर वर केलेली, दाढीवर थेंब. फोटो त्याच्याच घराच्या अंगणात जिम हेंडिनने काढला. पण कव्हर उलगडून आत पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते: वादकांची नावं. दशकभर शेकडो गाणी वाजवूनही मोटाऊनच्या तबकड्यांवर या मंडळींचं नाव छापलं जात नसे. इथे पहिल्यांदा छापलं गेलं, आणि जेमर्सनच्या नावाआधी ‘अतुलनीय’ असं विशेषणही लागलं. पुढच्याच वर्षी गॉर्डींनी कंपनी लॉस एंजेलिसला हलवली. वादक नेहमीप्रमाणे कामावर आले, तर स्टुडिओच्या दारावर चिठ्ठी होती: आज काम नाही.