नवशिक्यांची समुद्री कयाक

कयाक ही दोन्ही टोकांना निमुळती असलेली अरुंद नाव. ती पाय लांब करून बसून, दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवतात. आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिकारीसाठी ती बनवत. आता बहुतेक कयाक पॉलिइथिलीन प्लास्टिकच्या असतात. विदर्भाला समुद्र नाही. पण भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर किंवा वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात हात बसवून पुढे मालवण-तारकर्लीच्या समुद्रात उतरता येते. असे समुद्रात उतरू पाहणाऱ्या माणसाने पहिली कयाक कशी निवडावी, ते येथे सांगितले आहे.

दुकानात ‘स्थिर आहे’ असे सांगतात, त्याचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. रुंद, सपाट बुडाची कयाक शांत पाण्यावर बाजेसारखी पक्की वाटते. ही सुरुवातीची स्थिरता. मात्र सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते; आडवी लाट आली की तिच्या उतारासोबत नावही कलते. गोलसर बुडाची कयाक बसताक्षणी डुलते, पण बरीच कलल्यावरही तोल धरून ठेवते. आपले ढीवर बांधव डोंग्यात उभे राहून जाळे फेकतात, तेव्हा त्यांच्याकडे पाहावे. डोंगा खाली या कुशीवरून त्या कुशीवर होत असतो, कंबर त्याच्यासोबत हलते आणि खांदे मात्र जागच्या जागी राहतात. समुद्री कयाकला हीच कंबर लागते. ती एका दिवसात येत नाही, म्हणून पहिल्या नावेची रुंदी साधारण ७० ते ७५ सेंमी असणे चांगले. मुरलेल्या वल्हेकऱ्याची समुद्री कयाक ५५ ते ६० सेंमीच असते.

रुंदीपेक्षा मोठा प्रश्न आहे उलटल्यानंतरचा. आत बसायच्या स्वस्त, आखूड कयाकमध्ये पुढे-मागे बंद कप्पे नसतात. ती उलटली की शेकडो लिटर पाणी भरते. एक लिटर म्हणजे एक किलो. एवढे ओझे खोल पाण्यात कोण उपसणार? तळ्यात काठ जवळ असतो, समुद्रात नसतो. समुद्रासाठी अशी नाव घेऊच नये, मग ती कितीही स्थिर वाटो. वर बसायची कयाक नवशिक्याला सर्वांत बरी. तिचे पोट बंद असते, बैठकीवरचे पाणी भोकांतून आपोआप निथळते आणि पालथी झाल्यास सरळ करून पोटावर सरकत पुन्हा चढता येते. घेण्यापूर्वी छातीभर पाण्यात, सोबत कोणीतरी असताना, अंगात लाइफ जॅकेट घालून ती मुद्दाम उलटवून पाहावी. जागा मात्र गाळ आणि शिंगाड्याच्या वेली नसलेली निवडावी.

लांबी ३.५ ते ४ मीटर पुरते. त्याहून आखूड नाव प्रत्येक वल्ह्याला नाक इकडेतिकडे फिरवते आणि वाऱ्यात माणूस थकतो. कोकणात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्यामुळे शिकाऊने सकाळीच उतरावे आणि किनाऱ्याला धरून राहावे. पावसाळ्यातला समुद्र त्याच्यासाठी नाहीच.

वजन बहुधा २५ ते ३० किलो भरते. शेतातल्या पांदणीने तलावाच्या पाळीपर्यंत न्यायचे, तर दोन माणसे लागतात; एकट्याने जाणाऱ्याने दोन चाकांची छोटी गाडी घ्यावी.

आपल्याकडे खरी काळजी घ्यायची ती उन्हाची. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात प्लास्टिक मऊ पडते आणि गाडीच्या टपावर आवळून बांधलेल्या कयाकच्या बुडाला पोचे पडतात. असे बूड सरळ चालत नाही. कयाक गोठ्याच्या किंवा पडवीच्या सावलीत कुशीवर टेकवून ठेवावी. प्रवासात टपावर रुंद पट्टे वापरावेत आणि गाडी उन्हात थांबली की ते ढिले करावेत.