आमचं टेनिस इतकी वर्षं हळू चालत होतं!

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून मागच्या महिन्यात जुना टीव्ही गेम निघाला, नव्वदच्या दशकातला, आणि त्यात टेनिसची कॅसेट तशीच अडकलेली. निन्टेन्डोने १९८४ मध्ये फॅमिकॉम या आपल्या जपानी गेम मशीनसाठी काढलेला गेम हा, ज्यात उंच खुर्चीवर अंपायर म्हणून मारिओ बसतो. आमचं मशीन त्याच फॅमिकॉमची नक्कल.

लावून बघितलं तर स्क्रीनभर मुंग्या. याचं कारण म्हणजे मशीन चित्र नीट तयार करतं, पण आतला पत्र्याचा छोटा डबा, मॉड्युलेटर, ते टीव्ही चॅनलच्या लहरीवर चढवतो आणि टीव्ही परत उतरवून घेतो, या चढउतारात कचरा मिसळतो. मग मी सिग्नल डब्याच्या आधीच पकडला. पण चित्र तयार करणाऱ्या चिपमधून थेट वायर काढली तर चित्र अंधारं येतं, कारण टीव्हीच्या एव्ही इनपुटचा रोध ७५ ओहम आणि तेवढा करंट द्यायची चिपची ताकद नसते, म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर टाकायचा, तो व्होल्टेज वाढवत नाही, फक्त जोर देतो. जेल रोडवरून दोन-चार पार्ट आणले, सोल्डरचे डाग दिले, आणि पांढऱ्या रेषा एकदम स्वच्छ!

खरी गंमत मात्र क्रिस्टल, म्हणजे मशीनचा ठेका ठरवणारा छोटा पार्ट, बघितल्यावर कळली. त्यावर २६.६०१७१२ मेगाहर्ट्झ लिहिलेलं, म्हणजे पाल ही आपल्याकडची टीव्ही पद्धत, सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० चित्रं. जपानी मशीनमध्ये २१.४७७ चा क्रिस्टल, सेकंदाला ६० फ्रेम. आता हा गेम घड्याळ बघून चालत नाही, फ्रेम मोजून चालतो, दर फ्रेमला बॉल ठरलेले पिक्सेल सरकतो आणि प्रोसेसर पुढच्या फ्रेमची वाट बघत थांबतो. म्हणजे तिकडे ५ सेकंदांत संपणारी रॅली आमच्याकडे ६ सेकंद चालायची. आवाजावरून कधी शंका पण आली नाही, कारण सूर प्रोसेसरच्या वेगावर ठरतो आणि तो दोन्हीकडे जवळपास सारखाच, १.७७ आणि १.७९ मेगाहर्ट्झ, फक्त चाल संथ.

वेग ६० वर आणायला नुसता क्रिस्टल बदलून चालत नाही हं, उलट गेम अजून हळू होतो, कारण क्रिस्टलच्या आकड्याला किती ने भागायचं आणि एका फ्रेममध्ये चित्राच्या ३१२ ओळी की २६२, हे चिपमध्येच कोरलेलं असतं. माझ्या बोर्डवर प्रोसेसर आणि चित्राची चिप वेगवेगळ्या होत्या हे नशीब, स्वस्त मशीनसारखं सगळं बोर्डवरच्या एका काळ्या ठिपक्यात, एकाच चिपमध्ये, असतं तर काहीच करता आलं नसतं. एका बंद पडलेल्या ६० फ्रेमवाल्या मशीनमधून दोन्ही चिपा आणि क्रिस्टल काढले, सॉकेट लावून बसवले, टीव्ही एनटीएससी, म्हणजे जपानी मशीनची ६० फ्रेमवाली पद्धत, ओळखतो त्यामुळे रंगही आले.

रविवारी दादा आला. या गेममध्ये दोघं खेळले तरी एकाच बाजूला असतात, समोर कॉम्प्युटर. त्याला काही सांगितलं नव्हतं. पहिली सर्व्हिस आली, त्याने लहानपणीच्या अंदाजाने बटण दाबलं आणि बॉल केव्हाच मागे गेलेला, तो माझ्याकडे बघायला लागला आणि म्हणाला, अरे हा कधीपासून इतका जोरात मारायला लागला?