एक कॅश, मालक अनेक: एहकॅशच्या सामायिक कॉन्फिगरेशनची पार्श्वभूमी

जावातला दहा-पंधरा वर्षं जुना प्रोजेक्ट ताब्यात आला की त्यात एहकॅशची, म्हणजे वारंवार लागणारा डेटा जवळ जपून ठेवणाऱ्या (कॅश करणाऱ्या) लायब्ररीची, कॉन्फिगरेशन फाइल बहुधा सापडतेच. पुष्कळदा एकाच नावाच्या दोन-तीन सापडतात: एक डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या हायबरनेट या फ्रेमवर्कसाठी ठेवलेली, एक अ‍ॅप्लिकेशन बांधायच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कसाठी, आणि एखादी कुठल्याशा जारच्या (जावा कोडच्या गठ्ठ्याच्या) पोटात दडलेली. क्लासपाथवर, म्हणजे जावा फाइली शोधते त्या यादीत, जी आधी येईल ती लागू होते, बाकीच्या नुसत्या पडून राहतात. हा टीमचा गलथानपणा वाटतो. माझ्या मते मात्र दोष बराच मागे जातो: या लायब्ररीची रचना झाली तेव्हा तिचे वापरकर्ते एकाच प्रोसेसमध्ये अनेक असतील, हे कोणी फारसं गृहीतच धरलं नव्हतं.

एहकॅश 2003 मध्ये ग्रेग लक यांनी सुरू केली. अपाचेच्या जेसीएस या कॅशिंग लायब्ररीचा कोड हा तिचा पाया. हायबरनेटने जेसीएस बाजूला ठेवून एहकॅशला आपली नेहमीची सेकंड लेव्हल कॅश (सगळ्या सेशन्समध्ये सामायिक असणारी) केलं आणि तिथून तिचा प्रसार झाला. म्हणजे बहुतेक प्रोजेक्टांत ती कोणी मुद्दाम निवडली नव्हती; हायबरनेटच्या मागोमाग आली. त्या काळात सगळ्या कॅश सांभाळणारा कॅशमॅनेजर हा ऑब्जेक्ट सिंगलटन, म्हणजे एकच एक, होता. एक अ‍ॅप्लिकेशन, एक मॅनेजर, एक एक्सएमएल फाइल. कॉन्फिगरेशन कोणाचं, हा प्रश्न उद्भवायला जागाच नव्हती.

पुढे 1.2 आवृत्तीत एकापेक्षा जास्त मॅनेजर तयार करण्याची मुभा मिळाली. ती गरजेची होती, पण तिच्या आडून नवा घोळ आला. दोन घटकांनी तीच फाइल वाचून आपापला मॅनेजर बनवला, की मेमरीत त्याच नावाच्या कॅशच्या दोन स्वतंत्र प्रती उभ्या राहत. एका प्रतीतली नोंद काढली तरी दुसरीत जुनी किंमत तशीच. डिस्कवर लिहायची सोय चालू असेल तर दोघांचा मार्गही एकच. त्यावर एहकॅश लॉगमध्ये इशारा देई आणि दुसऱ्या मॅनेजरसाठी स्वतःच वेगळं फोल्डर काढून देई. अ‍ॅप्लिकेशन चालत राही, त्यामुळे तो इशारा वाचण्याची तसदी क्वचितच कोणी घेई.

त्यात क्लासलोडरची, म्हणजे जावाचे क्लास मेमरीत आणणाऱ्या यंत्रणेची, भर. स्टॅटिक सिंगलटन ‘एका जेव्हीएममध्ये एक’ (जेव्हीएम म्हणजे जावा चालवणारी प्रोसेस) असं सरसकट म्हटलं जातं. खरं तर तो एका क्लासलोडरमागे एक असतो. टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये प्रत्येक वेब अ‍ॅप्लिकेशनच्या लिब फोल्डरात एहकॅशची जार ठेवली, तर प्रत्येकाचा सिंगलटन वेगळा. तीच जार टॉमकॅटच्या सामायिक लिबमध्ये हलवली की सगळ्यांचा एक. कॉन्फिगरेशनच्या एका ओळीलाही हात न लावता, नुसती फाइल हलवल्याने कॅशचं सामायिक असणं-नसणं ठरत होतं.

2011च्या अखेरीस दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. स्प्रिंग 3.1 मध्ये कॅशिंगची अ‍ॅनोटेशन्स (कोडवर लावायच्या खुणा) आली आणि सर्व्हिस लेयरवर कॅश लावणं एका ओळीचं काम झालं. म्हणजे आतापर्यंत मुख्यतः हायबरनेटकडे असलेल्या लायब्ररीचा दुसरा नियमित ग्राहक त्याच प्रोसेसमध्ये आला. आणि त्याच सुमारास एहकॅश 2.5 ने नियम कडक केला: एकाच नावाचे दोन मॅनेजर एकत्र राहू शकत नाहीत. नाव न दिलेले दोन असतील तर तेही एकाच नावाचे धरले जात. ‘याच व्हीएममध्ये आणखी एक निनावी कॅशमॅनेजर आधीपासून आहे’ अशा अर्थाचा तो एक्सेप्शन (एरर) त्या काळात स्प्रिंग-हायबरनेटवर काम केलेल्या बहुतेकांना तोंडपाठ असेल. सर्वांत आधी तो टेस्टमध्ये दिसे, कारण स्प्रिंगचे टेस्ट कॉन्टेक्स्ट (टेस्टसाठी उभारलेली अ‍ॅप्लिकेशनची रूपं) एकाच जेव्हीएममध्ये जिवंत राहतात आणि प्रत्येक कॉन्टेक्स्ट आपला मॅनेजर बनवू पाहतो.

लोक वैतागले, पण नियम योग्यच होता असं मला वाटतं. 2.5 मध्येच संपूर्ण मॅनेजरसाठी हीपची (जावाच्या मेमरीची) एकत्रित मर्यादा ठरवायची सोय आली होती. त्याच नावाचे दोन मॅनेजर असले तर त्या मर्यादेला अर्थ उरत नाही. शिवाय जी चूक आधी लॉगमध्ये दबून राहायची, ती आता अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच आडवी येऊ लागली.

उपायही होते. मॅनेजर तयार करणाऱ्या स्प्रिंगच्या फॅक्टरी बीनमध्ये ‘शेअर्ड’ (सामायिक) नावाची प्रॉपर्टी होती, ती मुळात बंद असे. हायबरनेटने 3.3 पासून कॅशची जोडणी रीजन फॅक्टरी या घटकाकडे दिली होती आणि एहकॅशसाठी दोन फॅक्टऱ्या होत्या, साधी आणि सिंगलटन. दोन्हीकडे सिंगलटनचा पर्याय घेतला की मॅनेजर एकच राही. इथवर सोपं होतं. अडचण बंद करताना येई. सोसायटीच्या टाकीचा मुख्य कॉक एखाद्या भाडेकरूने घर सोडताना बंद करून जावा, तसं एक घटक आवरताना मॅनेजर बंद करी आणि दुसऱ्याला ‘कॅश जिवंत नाही’ असा एरर येई. हायबरनेटची सिंगलटन फॅक्टरी आपले वापरकर्ते मोजून शेवटचा गेल्यावरच मॅनेजर बंद करी. पण त्या मोजणीत स्प्रिंग नव्हतं. तयार कोण करणार हे प्रत्येक फ्रेमवर्कने सांगितलं होतं. बंद कोण करणार, हे सगळ्यांनी मिळून कुठेच ठरवलं नव्हतं.

हे ठरवणं प्रमाणाचं (स्टँडर्डचं) काम होतं, आणि ते प्रमाण रखडलं होतं. जावातल्या कॅशिंगसाठीचा जेएसआर 107 हा प्रस्ताव 2001 चा, म्हणजे एहकॅशच्याही आधीचा. जावा ईई 7 या एंटरप्राइझ आवृत्तीत तो यायचा होता, तीही गाडी चुकली. अंतिम आवृत्ती जेकॅश 1.0 म्हणून मार्च 2014 मध्ये आली. तेरा वर्षांत ज्याने त्याने आपापल्या जोडण्या लिहून ठेवल्या होत्या.

जेकॅशने मॅनेजरची ओळख यूआरआय (पत्त्यासारखी ओळख) आणि क्लासलोडर या जोडीवर ठरवली. तीच जोडी मागितली तर तोच मॅनेजर मिळतो. क्लासलोडरची गोम इथे पहिल्यांदा उघडपणे नियमात आली. यूआरआय कसा लिहायचा हे मात्र प्रत्येक प्रोव्हायडरवर (एहकॅशसारख्या लायब्ररीवर) सोडलं. एहकॅश 3 मध्ये तो कॉन्फिगरेशन फाइलचा पत्ता असतो, त्यामुळे हायबरनेटला आणि स्प्रिंगला तोच पत्ता द्यावा लागतो. एकाला दिला आणि दुसऱ्याला दिला नाही, की पुन्हा दोन मॅनेजर, आणि या वेळी एक्सेप्शनही नाही. फाइलमध्ये न सापडणाऱ्या कॅशबद्दलही हायबरनेट मुळात नरमच आहे: ती स्वतः तयार करून लॉगमध्ये इशारा देतं. अशा कॅशचं काय करायचं हे ठरवणारी सेटिंग ‘फेल’वर ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

2016 मध्ये आलेल्या एहकॅश 3 चं पॅकेज (क्लासच्या नावाआधीचं नाव) वेगळं असल्याने जुनी आणि नवी एहकॅश एकाच क्लासपाथवर नांदू शकत होत्या, आणि अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं नांदल्या. हायबरनेट 6 आणि स्प्रिंग 6 ने एहकॅश 2 चा आधार काढून घेतल्यावर मोठ्या प्रमाणावर स्थलांतरं सुरू झाली. त्या वेळी जावा ईईची पॅकेजेस जाव्हॅक्स सोडून जकार्ता नावाखाली गेली. जेकॅश त्या कुटुंबात कधी गेलंच नव्हतं, म्हणून त्याचं पॅकेज अजूनही जाव्हॅक्सच आहे. शोधून-बदलून सगळी नावं एकदम पालटणाऱ्यांचा बिल्ड बरेचदा नेमका तिथेच मोडतो.